वडिलांच्या किडनीच्या मधल्या कप्प्यातला ११ मिमीचा मुतखडा न कापता ध्वनिलहरींनी फोडून घ्यावा का? खडा नक्की फुटतो का?

११ मिमी आणि किडनीचा मधला कप्पा, तुम्ही दिलेल्या एवढ्या माहितीवरून लिथोट्रिप्सी, म्हणजे ध्वनिलहरींनी खडा फोडणं, करण्यासारखी दिसते. पण होकार देण्याआधी सीटी स्कॅनमधले दोन आकडे विचारा. एक म्हणजे खड्याची घनता, ती एचयू (हाउन्सफील्ड युनिट) या एककात लिहितात. १००० च्या वर असेल तर खडा टणक आहे, दाद देईलच असं नाही. दुसरा आकडा त्वचेपासून खड्यापर्यंतच्या अंतराचा. हे १० सेंटिमीटरच्या वर गेलं की यश कमी होत जातं. रिपोर्टमध्ये हे अंतर बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं, रेडिओलॉजिस्टकडून मोजून घ्या.

यंत्र शरीराबाहेर दाबाची लहर तयार करून ती खड्यावर एकवटतं. पाणी आणि मांस लहरीला जवळजवळ सारखंच, म्हणून ती फारशी न अडता आत जाते आणि खड्यापाशी आपला जोर काढते. हवेपाशी मात्र ती परत फिरते. १९८० मध्ये म्युनिकला पहिला रुग्ण घेतला तेव्हा त्याला पाण्याच्या टबातच ठेवलं होतं. आता यंत्राला पाण्याने भरलेली उशी असते आणि ती व त्वचा यांच्यामध्ये जेल असतं, आणि घोळ नेमका तिथेच होतो. जेल हाताने फासलं की बारीक बुडबुडे अडकतात आणि लहरीचा जोर तिथेच मरतो. जेल बाटलीतून एकाच जागी ढिगासारखं ओतायचं आणि उशी टेकवून दाबाने पसरू द्यायचं. पेशंट मध्येच हलला, उशी सुटली, की पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी विचारायची गोष्ट म्हणजे वेग. मिनिटाला लहरीचे ६० धक्के दिले तर १२० पेक्षा खडा चांगला फुटतो. प्रत्येक धक्क्यानंतर खड्याभोवती सूक्ष्म बुडबुडे उरतात. ते विरायच्या आत पुढचा धक्का आला तर त्याची ताकद त्या बुडबुड्यांतच जाते. ३००० धक्के ६० च्या वेगाने द्यायला ५० मिनिटं लागतात, १२० ने २५. घाईच्या दिवशी वेग का वाढतो ते यावरून कळेल. माझ्या मते ६० चाच आग्रह धरा, फार तर ९०. सुरुवात कमी ताकदीने करून हळूहळू वाढवली की किडनीला इजा कमी होते. दुखण्याचं इंजेक्शन किंवा गुंगी नीट दिलेली हवी, कारण श्वासागणिक किडनी वरखाली होते. दुखून श्वास जोरात झाला की खडा निशाण्यावरून सरकतो.

वडील अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं दुसरं औषध घेत असतील तर आधीच सांगा. ते कधी थांबवायचं हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, परस्पर बंद करू नका. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर आधी तो बरा करायचा. बीपी वाढलेलं असेल तर तेही आधी आटोक्यात हवं.

खडा फुटणं वेगळं आणि बाहेर पडणं वेगळं. चुरा लघवीतून यायला काही आठवडे लागू शकतात. पहिले एक-दोन दिवस लघवी लालसर होते, त्याला घाबरू नका. किडनी-हृदयाचा दुसरा आजार नसेल तर रोज दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला द्या. लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून गाळा, सापडलेले तुकडे डबीत ठेवून तपासायला द्या. खडा कशाचा होता ते कळल्याशिवाय पथ्य ठरत नाही. कधी कधी चुरा मूत्रवाहिनीत (किडनीतून मूत्राशयात जाणाऱ्या नळीत) एकामागे एक अडकून रांग लावतो. थंडी वाजून ताप, लघवी बंद किंवा कंबरेत न थांबणारी कळ, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा.

साधारण दोन आठवड्यांनी एक्स-रे आणि सोनोग्राफी करतात. मोठा तुकडा उरला असेल तर दुसरी बैठक लागते. दोन बैठकांनंतरही खडा जसाच्या तसा असेल तर तिसरीचा हट्ट धरू नका, दुर्बिणीने काढण्याबद्दल विचारा. डीजे स्टेंट (लघवीची वाट मोकळी ठेवायला किडनीपासून मूत्राशयापर्यंत ठेवलेली बारीक नळी) घातला असेल तर तो काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. आत विसरलेल्या स्टेंटवर नवे खडे चढतात आणि तो काढणं मग मूळ खड्यापेक्षा अवघड होऊन बसतं.