डोळा पांढराशुभ्र, तरी ऑपरेशन तातडीचं का?

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या भाच्याला कबड्डी खेळताना डोळ्यावर गुडघा लागला. डोळा साधा लालही झाला नव्हता. फक्त उलट्या होत होत्या आणि वर बघ म्हटलं की तो रडायचा. मेंदूचा स्कॅन नॉर्मल आला. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि लगेच ऑपरेशन केलं. माझा भाऊ गाडीवरून पडला तेव्हा त्याचा डोळा काळानिळा होऊन पार मिटला होता, त्याला मात्र दहा दिवस थांबायला सांगितलं. असं उलटं कसं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दोघांनाही मिळालेला सल्ला बरोबर होता. डोळ्याच्या खोबणीची कड जाड आणि दणकट असते, पण तळाचं हाड जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. नाकाच्या बाजूची भिंत त्याहूनही पातळ, कागदासारखी. जोराचा मार बसला की हा तळ खालच्या सायनसमध्ये, म्हणजे नाकाला जोडलेल्या गालातल्या हवेच्या पोकळीत, मोडतो.

मोठ्या माणसाचं हाड तडकून त्याचे तुकडे खाली पडतात. लहान मुलाचं हाड ओल्या काडीसारखं लवतं. झडपेसारखं क्षणभर उघडतं आणि परत मिटतं. त्या क्षणात डोळा फिरवणारा खालचा स्नायू फटीत सापडला, की चिमटा बसतो आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. डोळा वर फिरवताना हाच स्नायू ताणला जातो, म्हणून मूल कळवळतं. त्या ताणाचा संदेश मज्जातंतूंमार्फत हृदय आणि पोटापर्यंत जातो. नाडी मंद होते, मळमळतं, उलट्या होतात, कधी भोवळ येते. बाहेरून डोळा स्वच्छ आणि आत हा प्रकार, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष डोक्याच्या माराकडे जातं. डोक्याची तपासणी हवीच, पण तिथे थांबू नये. मेंदूच्या स्कॅनचे काप जाड असतील तर खोबणीतली बारीक फट निसटते. खोबणीचा वेगळा सीटी स्कॅन लागतो, साधारण 1 मिलिमीटर कापांचा, समोरून आणि बाजूनेही पाहिलेला. मिटलेली झडप त्यातही जेमतेम दिसते. म्हणून बोट समोर धरून मुलाला वर, खाली, दोन्ही बाजूंना बघायला लावणं, ही दोन मिनिटांची तपासणी फार मोलाची आहे.

असा स्नायू 24 ते 48 तासांत मोकळा करावा लागतो. उशीर झाला तर तो आखडतो आणि ऑपरेशन उत्तम होऊनही एकाचे दोन दिसणं राहू शकतं.

तुमच्या भावाच्या बाबतीत सूज हीच अडचण होती. सूज असताना डोळा किती आत गेला आहे आणि दोन दिसणं सुजेमुळे आहे की हाडामुळे, हे ठरवता येत नाही. सात ते दहा दिवसांनी खरं चित्र कळतं. तेव्हा तळ निम्म्याहून जास्त मोडलेला असेल, डोळा 2 मिलिमीटर किंवा अधिक आत गेला असेल किंवा समोर बघतानाही दोन दिसत असतील, तर ऑपरेशन करावं, शक्यतो दोन आठवड्यांच्या आत. पुढे चरबी आणि स्नायू तुटक्या हाडाला चिकटतात. यातलं काही नसेल तर ऑपरेशनची गरजच नसते. मोठ्या माणसाचाही स्नायू अडकला आणि नाडी मंदावली, तर मात्र थांबायचं नाही.

प्रश्न : डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं आहे. डॉक्टरांनी 'आठ दिवसांनी या, नाक शिंकरू नका' एवढंच सांगितलं. नाकाचा डोळ्याशी काय संबंध? घरी आणखी काय पाळावं? (नाशिक)

उत्तर : खोबण आणि सायनस यांच्यातली भिंत मोडली आहे. नाक शिंकरलं की हवा थेट डोळ्यामागे घुसते. पापणी एकदम फुगते, बोटाने दाबली तर कातडीखाली करकर लागते. क्वचित ही हवा नजरेच्या नसेवर दाब आणते. म्हणून निदान तीन-चार आठवडे नाक नुसतं पुसायचं आणि शिंक तोंड उघडं ठेवून द्यायची. जलनेती, कपालभाती, भस्त्रिका, शंख फुंकणं, तपकीर, जड ओझं उचलणं, सगळं बंद. हे आवर्जून लिहितो, कारण नाक शिंकरायचं नाही म्हणणारी माणसंसुद्धा सकाळी उठून कपालभाती करतात. विमानप्रवास डॉक्टरांना विचारूनच करावा.

पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ दर दोन-तीन तासांनी दहा-पंधरा मिनिटं कपाळ आणि गालावर ठेवा. डोळ्यावर दाबू नका. बुबुळालाच इजा असेल तर दाबाने नुकसान होतं. झोपताना दोन उशा घ्या. दुखण्यावर स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी आधीपासून चालू असेल तर ती परस्पर बंदही करू नका, डॉक्टरांना सांगा.

डोळा बाहेर येऊन दगडासारखा टणक लागला, ठणका वाढला किंवा नजर अंधुक झाली, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, थेट इमर्जन्सीत जा. डोळ्यामागे रक्त साठल्याची ही खूण आहे. दाब लगेच उतरवला नाही तर दीड-दोन तासांत नजर कायमची जाऊ शकते. हा इशारा ऑपरेशननंतरही लागू आहे. पहिल्या रात्री नर्स पुन्हापुन्हा उठवून 'बोटं किती?' विचारते ती याचसाठी.

प्रश्न : आत जाळी बसवणार म्हणतात. ती कुठून बसवतात? एमआरआय चालेल का? (पुणे)

उत्तर : बहुतेक वेळा खालच्या पापणीच्या आतल्या बाजूने चीर देतात, चेहऱ्यावर व्रण दिसत नाही. खाली उतरलेली चरबी आणि स्नायू वर उचलून त्याखाली पातळ टायटॅनियमची जाळी किंवा सच्छिद्र प्लास्टिकचा पत्रा ठेवतात. कौशल्य लागतं ते मागच्या टोकाला. जाळी तिथल्या शाबूत हाडाच्या कडेवर टेकली पाहिजे. ती कड न सापडता जाळी सायनसमध्ये उतरली, तर डोळा आतच राहतो. फार मागे गेली तर नजरेच्या नसेला धोका. जाळी बसल्यावर सर्जन चिमट्याने डोळा सगळीकडे फिरवून बघतात. कुठे अडला तर जाळी काढून पुन्हा बसवतात. टायटॅनियम असताना एमआरआय करता येतो, आधी तिथे सांगा आणि ऑपरेशनचा कागद सोबत न्या.

प्रश्न : ऑपरेशनला महिना झाला. गाल आणि वरचे दात बधिर आहेत, खाली बघताना अजून दोन दिसतात. (बेळगाव)

उत्तर : गालाची संवेदना नेणारी नस मोडलेल्या तळातूनच जाते. बधिरपणा हळूहळू कमी होतो, सहा महिने ते वर्षही लागतं. तोवर चहा बेताने प्या, चटका कळत नाही.

दोन दिसण्यासाठी एक डोळा झाका. तरीही दोनच दिसले तर दोष डोळ्याच्या भिंगात किंवा बुबुळात आहे, ती तपासणी वेगळी. एकच दिसलं तर स्नायू अजून मोकळा व्हायचा आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर डोकं स्थिर ठेवून नजर वर-खाली, डावी-उजवीकडे टोकापर्यंत नेण्याचा व्यायाम दिवसातून तीन-चार वेळा करा. सहा महिन्यांनीही दोष तसाच राहिला तर प्रिझमचा चष्मा किंवा स्नायूचं ऑपरेशन करता येतं. तोवर दुचाकी चालवू नका, आणि जिना उतरताना कठड्याचा हात सोडू नका. दोन दिसतात ते खाली बघतानाच, आणि पायरी चुकते ती तिथेच.