ओरडायचं नाही, मारायचं नाही, मग वर्ग सांभाळायचा कसा?

शिक्षकांचं प्रशिक्षण घ्यायला जाते तेव्हा हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक शाळेत विचारला जातो, आणि विचारणारे शिक्षक वाईट नसतात, दमलेले असतात. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला, त्याच्या कलम 17 मध्ये मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी आहे, ते योग्यच आहे, पण छडी काढून घेतल्यावर त्या रिकाम्या हातांनी काय करायचं हे बहुतेकांना कुणी सांगितलंच नाही. बीएडला पाठ टाचण काढायला शिकवतात, आठवीतला पोरगा बाक ढकलून अंगावर आला तर पहिल्या दहा सेकंदात काय करायचं ते शिकवत नाहीत.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या बाई माझ्याकडे आल्या होत्या, त्यांची गोष्ट सांगते (त्यांना विचारून सांगतेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही). चौदा वर्षं शिकवतायत, मुलं त्यांच्यावर जीव टाकतात. समोर बसल्या आणि पहिलंच वाक्य, "मॅडम, त्या दिवशी त्या पोराच्या कानाखाली बसणारच होती, हात वर गेला होता माझा, मला माझीच भीती वाटायला लागलीय." आठ दिवस धड झोप नाही, आठवीच्या वर्गाकडे पाय वळत नाहीत.

झालेलं असं. मधल्या सुट्टीनंतरचा तास, वर्गात 61 मुलं (कायद्यात सहावी ते आठवीला 35 मुलांमागे किमान एक शिक्षक म्हटलंय), भिंतीकडेच्या बाकावर एक मुलगा डोकं खाली घालून पडलेला. बाई फळ्यापाशी उभं राहूनच म्हणाल्या वही काढ, त्याने काढली नाही, मग ऐकू येत नाही का, वर्ग हसला, तो म्हणाला नाही काढणार, बाई म्हणाल्या मग वर्गाबाहेर हो, तो म्हणाला नाही होणार, आणि बाई तरातरा त्याच्या बाकापाशी गेल्या आणि त्याचं दप्तर ओढलं. तो उठला, बाकाला लाथ मारली, बाक पुढच्या मुलीच्या पाठीत बसला. बाईंचा हात वर गेला तो तेव्हाच. पुढे मुख्याध्यापकांचं ऑफिस, दुसऱ्या दिवशी चुलत्याला बोलावणं, आणि चुलत्याने सगळ्यांसमोर पोराला दोन लावल्या.

मी त्यांना म्हटलं, कोण चूक कोण बरोबर ते बाजूला ठेवू, आपण फक्त घड्याळ मागे फिरवू. कोण कुठे उभं होतं, कोण काय बोललं, एकेक वाक्य कागदावर लिहून काढलं. सगळं मिळून दीड मिनिटाचं होतं, आणि त्या दीड मिनिटात चार वेळा थांबता आलं असतं. बाई कागदाकडे बघतच राहिल्या, कारण त्यांच्या डोक्यात ते एका क्षणात घडलं होतं, त्याला पायऱ्या आहेत हे दिसलंच नव्हतं.

हार्वर्डमधले शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 च्या सुमारास मांडलं होतं की धोका वाटला की शरीर लढायला नाहीतर पळायला तयार होतं. अॅड्रेनॅलिन वाढतं, छाती धडधडते, स्नायू ताठतात, आणि नीट विचार करून बोलायची ताकद त्या वेळेपुरती मागे पडते. आता त्या पोराची जागा बघा ना, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला शेजारचा मुलगा, समोर बाई, आणि भोवती साठ जणांचं हसू, पळायला जागाच नव्हती, मग उरलं काय? आणि तेच सगळं बाईंच्याही शरीरात चालू होतं, हे जास्त महत्त्वाचं. त्यांचा हात वर गेला तो त्या दुष्ट आहेत म्हणून नाही. दोन घाबरलेली माणसं समोरासमोर होती, त्यातलं मोठं माणूस आधी शांत झालं तरच लहान होतं, उलटं कधीच होत नाही.

म्हणून मी शिक्षकांना पहिली गोष्ट शिकवते ती पोराबद्दलची नसते. पाय जमिनीवर घट्ट टेका, खांदे सैल सोडा, श्वास आत घेतला त्यापेक्षा सावकाश बाहेर सोडा, आणि मग तोंड उघडा. तीन सेकंद जातात. वर्गाला ते कळतही नाही.

बाईंना नंतर कळलं की त्या मुलाचे आई-वडील आदल्याच रात्री मुकादमाच्या ट्रॅक्टरमधून कारखान्याला गेले होते, ऊस तोडायला, आता हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्येच परत. धाकटी बहीण त्यांच्याबरोबर गेली, हा आजीपाशी राहिला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. बाई खूप रडल्या. मी त्यांना सांगितलं की हे तुम्हाला आधी माहीत असायलाच हवं होतं असं नाही, 61 मुलांच्या घरचं रोज कुणाला माहीत असणार, पण डोकं खाली घालून पडलेलं पोर बघितल्यावर वही काढ म्हणायच्या आधी जवळ जाऊन बरं नाही का रे एवढं विचारता येतं, त्याला काहीच माहीत असावं लागत नाही.

मग मुख्याध्यापकांनीच सगळ्या शिक्षकांचं प्रशिक्षण ठेवलं, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर. भाषण अजिबात दिलं नाही, कारण तणावाच्या वेळी ऐकलेलं आठवत नाही, अंगवळणी पडलेलं तेवढंच येतं. बाक होते तसेच ठेवले, शिक्षकांनाच मुलं केलं, आणि पीटीचे सर, ज्यांच्या आवाजाने अख्खी शाळा हलते, त्यांना भिंतीकडेच्या बाकावर बसवलं. एका बाईंनी त्यांच्या डोक्यावर उभं राहून वही काढ म्हटलं, बाकीचे हसले. सर नंतर म्हणाले, "खोटं खोटं होतं तरी कान तापले हो माझे." त्यानंतर कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

तेच दृश्य परत परत केलं. समोर नाही, थोडं बाजूला उभं राहायचं, हातभरापेक्षा जास्त अंतर ठेवून, त्याची वाट न अडवता. जमलं तर वाकून त्याच्या नजरेच्या पातळीवर यायचं. आवाज इतका खाली की शेजारच्यालाही नीट ऐकू जाऊ नये. आधी बाकी वर्गाला काहीतरी लिहायला लावायचं, म्हणजे तमाशा बघणारे कमी होतात, आणि हे मला सगळ्यात मोठं वाटतं, कारण या वयात मार परवडतो पण दोस्तांसमोर मान खाली घालणं परवडत नाही. शांत हो म्हणायचं नाही, ते ऐकून आजवर कुणी शांत झालेलं मी बघितलेलं नाही. त्याऐवजी "आत्ता लिहितोस की आधी पाणी पिऊन येतोस?" असं विचारायचं, आणि मग तिथे उत्तराची वाट बघत उभं राहायचं नाही, दुसऱ्या बाकाकडे निघून जायचं. माघार घ्यायला त्यालाही थोडी खाजगी जागा लागते. जुन्या मास्तरांना हे ठाऊक होतं, बिथरलेल्या पोराला ते ऑफिसातून खडू आणायला पाठवायचे, तेवढ्या चालण्यात त्याचं डोकं थंड व्हायचं.

एक ज्येष्ठ सर उठून म्हणाले, असं केलं तर दरारा संपेल, उद्या सगळेच डोक्यावर बसतील. रास्त शंका आहे, आणि सगळ्यांच्या मनात तीच असते. माझं म्हणणं, नियम सोडायचा नाही, फक्त वेळ बदलायची. त्या मुलाने तो बाक स्वतः दुरुस्त करायलाच हवा, त्या मुलीची माफी मागायलाच हवी, पण ते तास संपल्यावर, एकट्याशी बोलून, त्याचं डोकं चालायला लागल्यावर. (आणि त्या मुलीकडे त्या दिवशी कुणीच बघितलं नव्हतं, पाठीला लागलंय का एवढंही विचारलं नव्हतं, हे मी मुद्दाम सगळ्यांसमोर बोलले.) जेकब कूनिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गांचा अभ्यास करून 1970 मध्ये मांडलं की चांगला वर्ग सांभाळणारे आणि न सांभाळणारे शिक्षक मुलांना रागावण्याच्या पद्धतीत वेगळे नव्हतेच, फरक होता तो काही व्हायच्या आधीच्या लक्षात, म्हणजे फळ्यावर लिहितानाही मागच्या बाकावर काय शिजतंय हे त्यांना कळायचं. त्या सरांना हे पटलं, कारण ते स्वतः तसेच आहेत, त्यांच्या तासाला कधी काही होतच नाही.

खरोखरची मारामारी लागली तर मात्र गोष्ट वेगळी. एकट्याने मध्ये उडी घेऊ नका. एका मुलाला पळत शेजारच्या वर्गातल्या सरांना बोलवायला पाठवा, बाकीच्यांना लांब करा, भांडणाऱ्यांना नाव घेऊन ठाम, छोट्या वाक्यात सांगा. आणि शांत झाल्यावर पोर घरी मार बसतो, उपाशी ठेवतात असं काही बोललं तर ते आपल्यापाशी ठेवू नका, 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा.

महिन्याभराने बाईंचा फोन आला. तो परत एकदा डोकं खाली घालून पडला, बाईंनी खडू आणायला पाठवला, दहा मिनिटांनी आला, वही काढली, तारीख घातली, पुढे काही लिहिलं नाही. आणखी एकदा तर गेला तो आलाच नाही, लिंबाखाली बसून राहिला, बाईंनी शिपाईमामांना नजर ठेवायला सांगितलं आणि तास चालू ठेवला. पण तास सुटल्यावर तो स्वतः दारात येऊन उभा राहिला म्हणे.

शाळेत आता दर शनिवारी पंधरा मिनिटं असा सराव चालतो, पीटीचे सरच घेतात. पुढच्या वेळचं दृश्य बाईंनीच सुचवलंय, चिडलेला पालक ऑफिसात पोरावर हात उगारतो तेव्हा तिथल्या मोठ्या माणसांनी काय करायचं. त्या दिवशी चुलत्याने मारलं तेव्हा खोलीत पाच शिक्षक होते आणि एकही पुढे झालं नाही, बाईंना त्या हात वर गेलेल्या क्षणापेक्षा आता तेच जास्त लागलंय.