वाचकांचे प्रश्न : युद्धकथेतल्या माणसाचे नाव

प्रश्न : आमचे आप्पा 1971च्या युद्धात होते. निवृत्तीनंतर त्यांनी कापसाची शेती केली, परंतु लढाईविषयी ते कधी बोलले नाहीत. त्यांच्या पश्चात मी युद्धावरच्या कादंबऱ्या वाचू लागले, तर त्यांतल्या सैनिकांनाही आपण कोण आणि हे सारे कशासाठी, हे उमगत नाही. मग अशा वाचनातून काय हाती लागावे?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : आप्पांच्या मौनाचा अर्थ मी परस्पर लावणार नाही, तो अधिकार आपला आहे. कादंबऱ्या मात्र ‘कशासाठी’ याचे उत्तर मागत न वाचता, माणसाचे नाव कुठे हरवते आणि कुठे परत येते, यावर लक्ष ठेवून वाचाव्यात.

जर्मन कादंबरीकार एरिश मारिया रेमार्क स्वतः पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, आघाडीवर जखमी झाले होते. 1929 साली पुस्तकरूपाने आलेल्या त्यांच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’मध्ये पाउल हा जर्मन तरुण तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो, तो तडफडून मरेपर्यंत त्याच्याशेजारीच अडकून पडतो आणि शेवटी त्याच्या खिशातले पाकीट उघडतो. आत बायको-मुलीची छायाचित्रे असतात. मृताचे नाव जेरार द्युव्हाल आणि व्यवसाय छापखान्यातला, हेही त्याला कळते. शत्रूला नाव मिळताच पाउलची स्वतःची ओळख डळमळते, कारण गणवेशाने दिलेली ती ओळख शत्रू निनावी असेपर्यंतच टिकणारी होती. त्याआधी तो रजेवर घरी आलेला असतो, तेव्हा एके काळी जिवाभावाची असलेली पुस्तके त्याला परकी वाटतात. मला तो प्रसंग कोणत्याही चकमकीहून अधिक अस्वस्थ करतो.

मराठीत विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (1939) अवश्य वाचा. तीत लढाई नाही. आहे ती एक बोट आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले, स्वतःचा म्हणावा असा देशच न उरलेले ज्यू.

आपल्या खानदेशातही अशी एक कादंबरी दडलेली आहे. कन्नडच्या घाटाला ज्याचे नाव आहे, त्या औट्रम या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1825 मध्ये भिल्लांच्या बंदोबस्तासाठी भिल्लांचीच पलटण उभारली. धरणगाव हे तिचे ठाणे होते. डोंगरातून आपल्याच बोलीतली हाक आली असेल, तेव्हा त्या शिपायाने ओ दिली असेल की बंदूक उचलली असेल?

आप्पांची आघाडीवरची पत्रे घरात असतील, तर ती पुन्हा काढा आणि त्यांत ते ‘मी’ कुठे लिहितात आणि ‘आम्ही’ कुठे, एवढे पाहा.