पायघोळ म्हणजे कुठवर?

फोंड्याहून एका वाचक भगिनीने विचारले आहे की, घोट्यापाशी थांबणाऱ्या गाउनला ‘पायघोळ’ म्हणता येईल, की त्यासाठी वस्त्र जमिनीला टेकलेच पाहिजे. प्रश्न रास्त आहे. मडगावात एका दुकानाच्या पाटीवर ‘मजल्यापर्यंत लांब गाउन’ असे वाचल्यापासून मला तर तो फारच रास्त वाटतो, कारण ती पाटी वाचली की बाई वरच्या गच्चीत उभ्या आहेत आणि गाउन खालच्या मजल्यावर लोंबतो आहे, असेच चित्र डोळ्यांपुढे येते. हाताशी ‘पायघोळ’ इतका नेटका शब्द असताना इंग्रजी ‘फ्लोअर-लेंग्थ’च्या शब्दशः भाषांतराची ही हमाली कशासाठी?

त्यातला ‘पाय’ उघड आहे. गंमत ‘घोळ’मध्ये आहे. तो ‘गोल’चा अपभ्रंश असून घेर दाखवतो, असे ठासून सांगणारे विद्वान मला भेटले आहेत. त्यांनी एक दिवस शिंप्याच्या दुकानात बसून यावे: घेर फितीने मोजता येतो, घोळ येत नाही. ‘घोळ’ हा ‘घोळणे’ या क्रियापदातला आहे. प्राकृतात ‘घोलइ’ आहे आणि संस्कृतात ‘घोल’ म्हणजे घुसळलेले ताक. रवीभोवती ताक हेलकावते तसा चालत्या पायाभोवती ज्याचा काठ हेलकावतो, ते पायघोळ, असे माझे मत आहे, आणि हिशेबातला घोळही मी त्याच डेऱ्यातून काढतो.

संस्कृताने मात्र माप घेतले. ‘आप्रपदं प्राप्नोति’ (५.२.८) या सूत्राने पाणिनीने ‘आप्रपदीन’, म्हणजे चवड्यापर्यंत पोचणारे, हा शब्द सिद्ध केला आणि अमरकोशानेही तो नोंदवला. पोर्तुगीज भाषेत पाद्रींच्या झग्याला लावतात ते ‘तालार’ हे विशेषणही लॅटिनमधील घोट्याच्या हाडाच्या नावावरून आले आहे. वस्त्राची चाल टिपली ती मराठीने. म्हणूनच मांडो हे गोव्याचे नृत्य करताना स्त्रियांनी कमरेभोवती नेसायचे वस्त्र, म्हणजे पानो, पावलांपर्यंत उतरत असला, तरी तो लपेटलेला असल्याने मी त्याला पायघोळ म्हणणार नाही. पाद्रींच्या झग्याला खुशाल म्हणेन. पानोच्या बाबतीत आमच्या घरातही एकमत नाही.

भगिनींचा गाउन राहिलाच. तो सैल असेल आणि पावलागणिक घोळत असेल, तर घोट्यापाशी थांबूनही पायघोळ. तंग असेल, तर जमिनीला टेकूनही नुसता लांब.