मे महिन्यात मुलांसह सिंहगड : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सहा वर्षांच्या मुलीला घेऊन मे महिन्यात सिंहगड चढायचा आहे, काय काळजी घ्यावी, असे आपण विचारले आहे; ते वाचून आनंद झाला. अवश्य जा, मात्र वेळ सांभाळा, कारण बहुतेक नवख्यांची चूक तिथेच होते. सावकाश नाश्ता करून नऊ वाजता पायथ्याच्या आतकरवाडीतून निघणारी कुटुंबे ऐन उन्हात उघड्या वाटेवर अडकतात. आपण साडेपाचला चढायला लागा आणि दहाच्या आत खाली या.

दुसरी चूक पाण्याची. मूल मागेल तेव्हाच पाणी देऊ नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट पाजा. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिले असेल तेवढ्याच, म्हणजे बहुधा एक लिटर, पाण्यात विरघळवा. अर्ध्या बाटलीत अख्खे पाकीट टाकू नका. सैल सुती कपडे आणि रुंद काठाची टोपी पुरेशी आहे.

माझा मुलगा एकदा अर्ध्या वाटेवर अचानक गप्प झाला, गाल लालबुंद झाले आणि आवडती चिक्कीही त्याने नाकारली. आम्ही त्याला झाडाखाली बसवले, मानेवर ओला पंचा ठेवला आणि बरे वाटताच तिथूनच परतलो. मूल असंबद्ध बोलू लागले किंवा अंग फार तापले, तर अंगावर पाणी ओतत रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन करावा.

वर पोहोचल्यावर मडक्यातले दही मात्र तिला नक्की खाऊ घाला.