विराटचं राहू दे बाजूला

प्रिय मावशी,
मी अडतीस वर्षांची, नाशिकला राहते, नोकरी करते. विराट कोहली म्हणजे माझा जीव की प्राण होता. नोव्हेंबर 2018 मध्ये त्याने स्वतःच्या अॅपवरच्या व्हिडिओत एका माणसाची कमेंट वाचली. त्याने लिहिलं होतं, कोहलीत काही खास नाही, मला या भारतीयांपेक्षा इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचे बॅट्समन बघायला आवडतात. त्यावर विराट म्हणाला, मग भारतात कशाला राहतोस, दुसरीकडे जा. तेव्हा माझ्या मनातून उतरला तो उतरलाच. 2022 च्या दिवाळीत मेलबर्नला पाकिस्तानविरुद्ध नाबाद 82 करून त्याने मॅच ओढून आणली, अख्खी बिल्डिंग ओरडत होती आणि मी मुद्दाम स्वयंपाकघरात चिवडा परतत उभी राहिले. मे 2025 मध्ये त्याने कसोटी सोडली तेव्हा मात्र ढसाढसा रडले. आमचे हे हसतात. एवढ्याशा गोष्टीचं कोण इतकं धरून ठेवतं, म्हणतात. त्यांनी तर ते वाक्य उचललंच आहे, माझं काही पटलं नाही की गमतीत म्हणतात, ‘मग जा ना दुसरीकडे राहायला.’ तसे स्वभावाने फार चांगले आहेत. मावशी, विराटला माफ करू का? केलं तर माझ्या तत्त्वांचं काय?
– एक जुनी चाहती

अगं,

विराटचं सांगते, पण रडण्याच्या आणि तत्त्वांच्या मध्ये तू एक वाक्य हळूच सरकवून दिलं आहेस. मी तिथेच अडकले. विराट ते एकदा बोलला, एका अनोळखी माणसाला, कॅमेऱ्यासमोर. तुझ्या घरात ते तेव्हापासून चालू आहे आणि ऐकणारी तू आहेस.

आधी विराटचं उरकून टाकू. वाक्य वाईटच होतं. त्यात गंमत अशी की अंडर-19 च्या दिवसांत याच पोराने आवडता खेळाडू म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या हर्शेल गिब्जचं नाव सांगितलं होतं, आणि लोकांनी ती क्लिप बरोबर शोधून काढली. मग त्याने ट्वीट केलं, ट्रोलिंग आपल्याला जमत नाही, मी ट्रोल झालेलाच बरा, माझा रोख कमेंटमधल्या ‘या भारतीयां’ या शब्दांवर होता, आवडीनिवडीचं स्वातंत्र्य मला मान्यच आहे, सण मजेत घालवा. याला मी माफी म्हणत नाही. ‘चुकलो’ एवढं म्हणायला जीभ रेटली नाही त्याची.

पण पुढचं बघ. जून 2019, वर्ल्ड कप, ओव्हलचं मैदान. बॉल टॅम्परिंगची, म्हणजे चेंडूशी छेडछाडीची, बंदी भोगून आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथची आपले प्रेक्षक हुर्यो उडवत होते. विराट बॅटिंग करत होता. त्याने प्रेक्षकांकडे वळून खूण केली, हे काय चालवलंय, टाळ्या वाजवा. सात महिन्यांपूर्वी ज्या ऑस्ट्रेलियन बॅट्समनच्या प्रेमापायी एकाला देशाबाहेर जायला सांगत होता, त्यांच्यातल्याच एकासाठी! 2021 मध्ये दुबईत पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीवर धर्मावरून चिखलफेक झाली. तेव्हा कॅप्टन म्हणून पत्रकारांसमोर बसून, धर्मावरून कोणावर तुटून पडण्याइतकं हीन दुसरं काही नाही, असं तो आडपडदा न ठेवता म्हणाला. त्यानंतर त्याच्या वर्षाच्याही न झालेल्या मुलीला इंटरनेटवर बलात्काराच्या धमक्या आल्या. मुंबई पोलिसांनी हैदराबादेतून एकाला पकडलं.

तर त्याने तोंडाने नाही, पण वागून ते वाक्य मागे घेतलं, असं मी धरते. माफ कर, नको करूस, त्याला काही फरक पडत नाही.

आता ज्यांना पडायला हवा, त्यांच्याकडे ये.

‘गमतीत म्हणतात’ असं तू लिहितेस. मग तू हसतेस का? पत्रात हसणारे तुझे हेच आहेत, तू कुठेही हसलेली नाहीस. त्या कमेंटवाल्याने मोबाइल बाजूला ठेवला असेल आणि जेवायला बसला असेल. त्याला घरातून कोण काढणार होतं? आपल्याकडे मुलीला सासरी पाठवतानाच बजावतात की माहेर आता तुझं नाही. वर नवरा उठता-बसता ‘जा ना दुसरीकडे’ म्हणायला लागला, तर बाईने उभं कुठे राहायचं? आणि हे ऐकायला लागतं कधी, तर तुझं मत वेगळं पडलं की. म्हणजे त्या घरात राहायचं असेल तर मान डोलवायची, असा करार झाला. तू सही कधी केलीस?

‘तसे स्वभावाने फार चांगले आहेत.’ असतील गं. मला त्यांचं कॅरेक्टर सर्टिफिकेट नको आहे. इतकी वर्षं तू विराटवर राग धरलास, कारण त्याच्यावर धरायला काही खर्च येत नव्हता. समोर बसलेल्या माणसावर धरायचा तर बोलावं लागलं असतं.

तेव्हा आता बोल. पुढच्या वेळी ते वाक्य आलं की वाढत असशील तर हातातला डाव खाली ठेव आणि सांग, ‘हे मला पुन्हा म्हणायचं नाही. गमतीतसुद्धा नाही.’ तिथल्या तिथे, पोरंबाळं, सासूबाई, कोण असेल त्यांच्यासमोर. ते वाक्यही त्या सगळ्यांनी ऐकलेलंच आहे. रात्री खोलीत कुजबुजून नको, व्हॉट्सअॅपवर लांबलचक मेसेज तर मुळीच नको. ‘अगं मी मजा करत होतो’ असं आलं, तर ‘मला मजा येत नाही’ म्हण आणि गप्प बस. शांतता पसरली तर पसरू दे, ती भरून काढायला तू चहा टाकायला जाऊ नकोस. आणि हो, विराटचं नाव चुकूनही मध्ये आणायचं नाही. नाहीतर हे विषय क्रिकेटवर नेतील आणि तू त्याच्या स्ट्राइक रेटवरून भांडत बसशील.

तत्त्वांचं विचारलंस ना? ती घरात लागू कर, मग मेलबर्नचं बघू.

काय झालं ते कळव. विराटबद्दल नाही लिहिलंस तरी चालेल.

– मावशी