भौतिकशास्त्राची पाटी पुसू नकोस

तू लिहिलं आहेस की एम.एस्सी. भौतिकशास्त्राचं शेवटचं वर्ष सुरू आहे, पायथन बऱ्यापैकी येतं आणि हवामान बदलाच्या परिणामांवर काम करायचंय. पण 'आता डेटा सायन्सची वेगळी पदवी घे, ही वर्षं वाया गेली' असं घरचे म्हणताहेत.

वाया अजिबात गेलेली नाहीत. २०२१च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमधला अर्धा वाटा स्युकुरो मनाबे आणि क्लाउस हॅसलमन यांना हवामानाच्या अभ्यासासाठीच मिळाला. हवा एक अंशानं तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते, हे तू शिकली आहेस. संगणकावरच्या हवामानाच्या मॉडेलनं तिथं ४० टक्के दाखवले, तर तू थांबशील आणि चूक शोधशील. नुसती कोडिंग शिकलेली व्यक्ती कदाचित आलेख रंगवून पुढे जाईल.

तुझी कच्ची बाजू संख्याशास्त्राची आहे. एखाद्या हवामान केंद्राच्या तापमानाचा आलेख काढ. एका वर्षी रेघ अचानक वर उडी मारते आणि मग वरच राहते. तो हवामान बदल असेलच असं नाही, तापमापी दुसऱ्या जागी हलवला असेल. केंद्राच्या नोंदी वाचल्याशिवाय हे कळत नाही. दुसरं, शेजारचे दिवस एकमेकांसारखे असतात. मॉडेलला शिकवायचे आणि तपासायचे दिवस पत्त्यांसारखे पिसून वाटलेस, तर सोमवार शिकवून मंगळवार विचारल्यासारखं होतं आणि मॉडेल हुशार भासतं. तपासणीसाठी सलग काही वर्षं बाजूला ठेव.

शिवाय 'परिणाम' म्हणजे माणसं, पिकं, पूर. उष्णतेच्या लाटेत फक्त दुपारचं कमाल तापमान पाहून भागत नाही. रात्रही गरम राहिली तर शरीराला उसंत मिळत नाही, म्हणून किमान तापमान आणि आर्द्रताही हवी. हे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुचत नाही, म्हणून त्या क्षेत्रातल्या माणसांना जरूर विचार.

पदवीचा निर्णय थोडा लांबव. प्रत्यक्ष निरीक्षणं आणि मॉडेल जुळवून केलेल्या 'ईआरए-५' या डेटासंचात १९४०पासूनच्या जगभरच्या हवामानाचे तासातासाचे आकडे मोफत मिळतात. त्यातून एक जागा आणि एकच प्रश्न घेऊन सहा महिने काम कर.

नोकऱ्या विमा, पूर-अंदाज, शेती, आरोग्य अशा क्षेत्रांत आहेत. संशोधनात राहायचं असेल तर बहुतेक ठिकाणी पीएच.डी. लागते आणि सुरुवातीची पदं बरेचदा मुदतीची असतात. घरच्यांना हे आताच सांगून ठेव. आणि या सत्रात टोकाच्या, म्हणजे क्वचित घडणाऱ्या पण तीव्र घटनांचं संख्याशास्त्र शिकायला मिळत असेल, तर तो पेपर सोडू नकोस.